दादाला हॅपी न्यू इयर

२९ डिसेंबर, सोमवार

नवी वही. जुनीत पंधरा जानेवारीनंतर काही लिहिलेलं नाही, पण तो वहीचा दोष. रेघा फार जवळजवळ होत्या.

चर्चच्या नोटीस बोर्डवर वाचलं. ३१ला आभाराचं 'ते देऊम' आणि १ तारखेला पवित्र आत्म्याला बोलावण्याचं स्तोत्र, दोन्ही सगळ्यांबरोबर म्हटली तर पापांच्या शिक्षेची पूर्ण माफी. दोन दिवस, दोन गाणी, पाटी कोरी. अटी आहेत: पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, पोपसाहेबांच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि कुठल्याही पापाची ओढ नसणे. शेवटची अट माझ्याकडून आधीच पूर्ण आहे.

संकल्प: रोज गुडघ्यावर रोझरीची जपमाळ. वर्षात अख्खं बायबल. लर्नरवर ओरडणं बंद.

धंद्याचं म्हणाल तर माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ऑक्टोबरपासून लर्नर दुप्पट झालेत. सकाळी सातपासून स्लॉट फुल. जाहिरात काही केली नाही, फक्त गाडीच्या आरशाला रोझरी टांगली. याला म्हणतात श्रद्धा. पलीकडच्या गल्लीतल्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी मात्र महिनोन्‌महिने जागची हलत नाही. मालकाचं नाव लिहीत नाही. आमच्या घरात ते घ्यायचं नाही असा नियम आहे. नियम मीच केला.

३० डिसेंबर, मंगळवार

पापनिवेदन झालं. पावणेपाचलाच जाऊन बसलो, त्यामुळे रांगेत पहिला. फादर नवीन आहेत, वयाने माझ्या भाच्याएवढे. माझी पापं सांगायला चार मिनिटं लागली. त्यातली दोन पापंच नव्हेत हे मी त्यांना समजावून दिलं. मग ओघात दादाचा विषय निघाला. दादाची पापं सांगायला पंचवीस मिनिटं लागली.

तीन वर्षांपूर्वी आम्हा दोघा भावांचं स्कूल एकच होतं. एकदा लर्नरच्या देखत तो मला म्हणाला, तू शिकवत नाहीस, नुसता ओरडतोस. मी शांतपणे किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर पडलो. टेबलाची काच आधीच तडकलेली होती.

फादर म्हणाले, आज पापनिवेदन तुमचं आहे, दादांचं नाही. प्रायश्चित्त म्हणून त्यांच्या घरी जा आणि हॅपी न्यू इयर म्हणा. मी विचारलं, आणि? ते म्हणाले, आणि काही नाही. मी म्हटलं, फादर, माझ्या मानाने हे फारच सोपं होतंय, निदान पन्नास रोझऱ्या तरी द्या. नको म्हणाले.

बाहेर आलो तर सतरा माणसं खोळंबलेली. सगळी माझ्याकडेच बघत होती. कौतुकानेच असावं.

तीन शब्द. उद्या-परवा उरकून टाकतो. चालत चार मिनिटांवर तर घर आहे.

३१ डिसेंबर, बुधवार. रात्री ९.५०

ते देऊम झालं. मला लॅटिन पाठ आहे, कागद लागत नाही. बायको म्हणते, लोक थांबल्यावर शेवटची तीन कडवी मी एकट्यानेच म्हटली, आणि ती दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याची होती. तिचं चर्चमध्ये लक्ष नसतं.

जेवणानंतर वर्षाचं आत्मपरीक्षण. कागदाच्या एका बाजूला देवाची कृपा, दुसऱ्या बाजूला माझे अपराध. कृपेची बाजू खच्चून भरली. अपराधांत 'कधीकधी नको इतका चांगुलपणा' एवढं लिहिलं आणि पेन बंद पडलं.

आता बारापर्यंत पवित्र घटका. सगळं जग शिट्ट्या फुंकत असताना या घरात एक माणूस गुडघ्यावर जागा असेल. आईला आणि बायकोला सांगितलं, तुम्ही खुशाल झोपा, मी सगळ्यांच्या वतीने जागतो.

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ७.४०

ध्यान इतकं खोल लागलं की बारा कधी वाजले कळलंच नाही. गालावर चादरीची वीण उमटली आहे. आई आणि बायको बारा वाजता माझ्या शेजारीच बसून रोझरी म्हणाल्या म्हणे. हळू आवाजात. माझी झोपमोड होऊ नये म्हणून.

दुपार

चर्चमध्ये देवमातेच्या सणाची मिस्सा, म्हणजे मोठी उपासना. दुसरं स्तोत्रही म्हटलं, म्हणजे माझ्या हिशेबाने पाटी कोरी झाली. प्रायश्चित्त तेवढं बाकी आहे, पण ते तांत्रिक.

मिस्सेनंतर दारात टोपली. त्यात संतांच्या नावांच्या चिठ्ठ्या. जो संत हाती येईल तो वर्षभर आपला पाठीराखा. मला ख्रिस्तोफर हवा होता. वाहनचालकांचा संत आहे, माझा हक्कच. निघाली संत झीटा. मोलकरणींची पाठीराखी. चिठ्ठी नीट दुमडून परत टाकत होतो, तर बायको सगळ्यांसमोर म्हणाली, अहो, बदलायची नसते. तिला स्वतःला मिखाएल महादूत मिळाला, तलवारीसकट. अदलाबदल करू म्हटलं तर पर्स बंद केली.

ख्रिस्तोफर आईला. वय त्र्याऐंशी, जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

घरी आलो तर सिंकपाशी नवा स्पंज ठेवलेला. भांडी घासली. सहा.

२ जानेवारी, शुक्रवार

महिन्याचा पहिला शुक्रवार. असे लागोपाठ नऊ शुक्रवार मिस्सेला जाण्याचं व्रत घेतलं. एक झाला, आठ राहिले, म्हणजे बहुतेक झालेच.

चर्चमधून दादाकडे जाणार होतो. पण पहिल्या शुक्रवारी मन भक्तीने भरलेलं असतं, ते भांडणाच्या ठिकाणी नेऊ नये. शिवाय त्याच्या गल्लीत उजवं वळण बंद आहे. पायी जाणाऱ्यांना लागू नाही, पण मी शिस्तीचा माणूस.

३ जानेवारी, शनिवार

तोडगा सापडला. दुपारी दीडला दादाला फोन लावला, एक रिंग होऊ दिली आणि ठेवला. शुभेच्छा पोचल्या. त्याचा उलट तीनदा आला. उचलला नाही. प्रायश्चित्त बोलायचं आहे, ऐकायचं नाही.

४ जानेवारी, रविवार

मिस्सेनंतर फादरना गाठलं. मिस्ड कॉल चालेल का विचारलं. नाही म्हणाले. व्हॉइस मेसेज? नाही. बायकोला पाठवलं तर? त्यांनी विचारलं, पाप बायकोने केलं होतं का. मी म्हटलं, तसं बघायला गेलं तर नाही. मग शेवटची तारीख विचारली. फादर म्हणाले, तारीख कशाला हवी, चार मिनिटांवर घर आहे ना तुमचं.

हे त्यांना कोणी सांगितलं? मी नाही. (आठवलं, पापनिवेदनात मीच सांगितलं होतं.)

आई सातच्या मिस्सेला जाते. दादाही सातलाच येतो, म्हणून मी नऊला जातो. आई परत येते ती थेट जपमाळ घेऊन बसते. मी विचारत नाही. नियम तो नियम.

६ जानेवारी, मंगळवार

तीन राजांचा सण. घराला आशीर्वाद. फादर पवित्र पाणी शिंपडत गेले, मागून मी खडू घेऊन. दाराच्या चौकटीवर वर्षाचे आकडे आणि मधे सी, एम, बी ही तीन अक्षरं लिहायची, लॅटिनमध्ये अर्थ: ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो. स्टूल मागवलं. आई म्हणाली, दरवर्षी थोरला लिहायचा, त्याला स्टूल लागत नसे. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

अक्षर झकास आलं. उतरताना स्टूलच तिरकं झालं. डावा घोटा.

संध्याकाळी बायको दारात उभी राहून बराच वेळ वर बघत होती. मला वाटलं, प्रार्थना करतेय. मग म्हणाली, अहो, सव्वीस लिहायचं होतं, तुम्ही पंचवीस लिहिलंत. म्हणजे गेल्या वर्षाला दोनदा आशीर्वाद आणि चालू वर्ष तसंच. पुसून पुन्हा लिहायला आता स्टूलवर कोण चढणार?

घोट्यामुळे आठवडाभर चालणं बंद. दादाकडे जाणं अर्थातच पुढे. देवाची योजना माणसाला कळत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

न ओरडण्याचा दिवस चौथा (दुसऱ्यांदा सुरू केल्यापासून).

नवी लर्नर: कॉन्व्हेंटच्या मुख्य सिस्टर. वय एकसष्ट. त्यांचा ड्रायव्हर नोकरी सोडून गेला, म्हणून स्वतःच शिकणार. मनात म्हटलं, चला, गाडीत आता आध्यात्मिक वातावरण राहील. पहिल्या तासात गाडी चौदा वेळा बंद पडली. दर वेळी सिस्टर गाडीलाच सॉरी म्हणत होत्या. मी ओरडलो नाही. आवाज चढवला, कारण बाहेरून ट्रक जात होता. काचा बंद होत्या, तरीही.

सहज विचारलं, आमचं नाव कोणी सुचवलं. म्हणाल्या, तुमच्या दादांनी. ते म्हणाले, क्लच शिकायचा तर धाकट्याकडेच जा, त्याच्यासारखा दुसरा कोणी शिकवत नाही, फक्त कानात बोळे घाला.

बोळ्यांचं सोडून देतो. याचा अर्थ एकच: माझं इतकं नाव झालंय की शत्रूलाही कबूल करावं लागतंय. स्वतःची गाडी उभी ठेवून गिऱ्हाईक माझ्याकडे पाठवतो म्हणजे कामाचा कंटाळा. आळशी तो पहिल्यापासूनच.

१३ जानेवारी, मंगळवार

बायबल. वेळापत्रकाप्रमाणे उत्पत्तीचा तेहतिसावा अध्याय हवा. मी चौथ्यावर आहे. दोन भाऊ शेतात जातात आणि एकच परत येतो, तिथे अडकलोय. पुढे जावंसं वाटत नाही. थेट पुढच्या पुस्तकापासून, निर्गमपासून सुरू करावं हे बरं.

फ्रिजच्या दारात डोळ्यांच्या थेंबांची बाटली दिसली. बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, घरात बाटल्या येतच असतात. आईची असेल म्हणून विचारलं, डोळे कसे आहेत. आई म्हणाली, माझे उत्तम आहेत, तू तुझे दाखवून घे.

घोटा बरा आहे. पण बरं होताना जास्त जपायचं असतं.

१७ जानेवारी, शनिवार

लायसन्सच्या टेस्टला माझे तीन लर्नर. परीक्षकाने गाडीत बसताच आरशाची रोझरी काढायला लावली. म्हणे समोरचं दिसत नाही. मी त्याला शांतपणे सांगितलं की धर्मासाठी छळ सोसणाऱ्यांची परंपरा फार जुनी आहे. शांतपणे म्हणजे मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू गेलं.

तिघेही नापास. न ओरडण्याचा दिवस पहिला.

२२ जानेवारी, गुरुवार. दुपार

उभ्या उभ्याच लिहितोय. अक्षर म्हणून असं.

सिस्टरांचा पाचवा तास. चौकात मी उजवीकडे म्हटलं, त्या डावीकडे वळल्या. दादाच्याच गल्लीत. आणि बरोबर त्याच्या फाटकासमोर गाडी बंद. पुन्हा स्टार्ट, पुन्हा बंद. दादा वरच्या गॅलरीत उभा. मी सीटवरून खाली सरकलो, गुडघे डॅशबोर्डला टेकले. सिस्टरांना वाटलं, मला चक्कर आली.

मग हळूच डोकं वर केलं. दादा सरळ माझ्याकडे बघत होता. पाच हातांवर गाडी, गाडीवर माझं नाव, आत मी. हात नाही, मान नाही, चेहऱ्यावर रेघही नाही. मी म्हटलं, बघा सिस्टर, किती हा ताठा. तीन वर्षं झाली तरी सख्ख्या भावाला ओळख दाखवत नाही.

सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, अहो, त्यांना दिसत नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात काचबिंदू. म्हणून तर ऑक्टोबरपासून त्यांनी गाडी बंद ठेवली आणि सगळे लर्नर तुमच्याकडे पाठवले. तुम्हाला माहीत नाही?

माहीत आहे म्हणालो.

नंतर त्यांनी एकदाही बंद न पाडता गाडी परत आणली. मी शाबास म्हणायला विसरलो.

रात्री

मीच नियम मोडला, नाव घेतलं. बायकोला ऑगस्टपासून माहीत आहे. थेंब ती आणते, आई रविवारी चर्चमध्ये त्याच्या हातात देते. मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? बायको म्हणाली, नाव घ्यायचं नव्हतं ना. आईने जपमाळेतून मान वर केली नाही.

लर्नरांचे फॉर्म काढून बसलो. 'आमची माहिती कोणाकडून मिळाली' असा एक रकाना आहे. एकवीसपैकी चौदा जणांनी दादाचं नाव लिहिलंय. हे फॉर्म मी वाचत नाही, फक्त सही करतो.

उद्या सकाळी सहाला जाणार. चहासुद्धा न घेता.

२३ जानेवारी, शुक्रवार

सहाला जाग आली. पण एवढ्या मोठ्या प्रसंगी रिकाम्या हाताने आणि रिकाम्या डोक्याने जाणं बरं दिसत नाही. आधी काय बोलायचं ते लिहून काढतो. दादाला मी माझ्या पंखाखाली घेणार. दोन्ही स्कूल एक करणार. पाटीवर त्याचं नाव वर, माझं खाली. किंवा शेजारी शेजारी.

२६ जानेवारी, सोमवार

भाषण सहा पानांचं झालं. पहिली दोन बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, 'मी' अठ्ठावीस वेळा आलंय. मग म्हणाली, पण यात माफी मागितलीय कुठे? मी म्हटलं, मागत नाहीये, देतोय. ती उठून गॅस पुसायला लागली. गॅस स्वच्छच होता.

२९ जानेवारी, गुरुवार

केस कापून आलो. मग लक्षात आलं, त्याला दिसणार नाही. तरी माझ्या मनाची तयारी म्हणून. भाषण चार पानांवर आणलं. शनिवारी नक्की.

३१ जानेवारी, शनिवार

सिस्टर पहिल्याच फटक्यात टेस्ट पास झाल्या. परीक्षक म्हणाला, क्लच फार छान. त्या आनंदात दिवस गेला.

२ फेब्रुवारी, सोमवार

मेणबत्त्यांचा सण. सकाळी आईला मिस्सेला नेलं. सातच्या. दादा आलेला नव्हता. आई म्हणाली, गेल्या रविवारीही आला नाही, फुटपाथ खणलाय, धडपडेल म्हणून त्याने बाहेर पडणंच सोडलंय. चर्चच्या पायरीवर थांबून पुढे म्हणाली, धाकट्या, आज नाताळाचा शेवटचा धागाही संपला, यापुढे हॅपी न्यू इयर म्हणशील तर लोक हसतील.

आईला घरी सोडलं आणि तसाच गेलो. चालत. पाच मिनिटं लागली, फुटपाथ खणलेला असल्यामुळे.

दार उघडंच होतं. दादाने विचारलं, कोण? मी नुसता घसा खाकरला. तो म्हणाला, ये, डाव्या हाताला बादली आहे, सांभाळ. तीन वर्षांनी, आणि पहिलं वाक्य बादलीचं. मी बसलो. तोही चाचपत बसला. शर्टाची बटणं एक घर चुकलेली होती. वहिनी वारून दोन वर्षं झाली, तरी घर तसंच आहे, फक्त प्रत्येक वस्तू भिंतीला लावून ठेवलेली.

हॅपी न्यू इयर म्हणालो. तो म्हणाला, तुलाही.

मग मी भाषण काढलं. दुसऱ्याच परिच्छेदात आहे, 'दादा, झालं गेलं विसरून मी तुला माफ केलं आहे.' ते वाचून थांबलो, कारण तिथे थांबायचं असं समासात लिहिलं होतं. दादा म्हणाला, बरं झालं. त्यात टोमणा असेल म्हणून मी शोधला. नव्हता.

मग त्याने विचारलं, हिच्या अंत्यविधीच्या मिस्सेला तू आला होतास का रे? शवपेटीपाशी उभा होतो, मागे कुणीतरी असंच खाकरलं. मला वाटलं, तूच.

होतो म्हणालो. शेवटच्या बाकावर.

मातीला दिसला नाहीस.

गाडी भलत्या जागी लावली होती म्हणालो. खरंच लावली होती. दोन वर्षं हे कारण मला पुरलं होतं. त्या खोलीत ते बोललो आणि ते तसंच आमच्या दोघांच्या मधे पडून राहिलं. दादा म्हणाला, असेल.

पुढची साडेतीन पानं वाचली नाहीत.

मी उठणार तेवढ्यात तो म्हणाला, आलाच आहेस तर टेबलावरचं टपाल वाचून दाखव. आईला वाचता येत नाही, बाहेरच्यांना कशाला दाखवायचं, म्हणून ठेवून दिलंय. ढीगभर लिफाफे. पाण्याचं बिल, दोन जाहिराती. चौथा डोळ्यांच्या हॉस्पिटलचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नंबर लागला आहे, उपाशीपोटी यावे, सोबत एक नातेवाईक आणावा. लिफाफ्यावर ५ जानेवारीचा शिक्का. ऑपरेशनची तारीख चौदा.

दादाने विचारलं, कधी बोलावलंय?

मी कागद दोनदा वाचला. मग सांगितलं, चौदा जानेवारीला.

आज किती?

दोन फेब्रुवारी.

तो म्हणाला, म्हणजे गेली. हो म्हणालो. चौदाला मी काय करत होतो ते आठवून पाहिलं. घोटा जपत होतो.

तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. बाई म्हणाली, आता एकदम एप्रिलचा शेवट. मी ओरडलो नाही. ओरडायला आतून काही आलंच नाही. दादा म्हणाला, एप्रिल तर एप्रिल, एवढं काय त्यात, चहा टाक. चहा केला. त्याची बटणं नीट लावून दिली. त्याने हनुवटी तेवढी वर केली.

संध्याकाळी बायकोने विचारलं, भाषण कसं झालं. मी म्हटलं, वेळ नव्हता.

फादरना फोन करून प्रायश्चित्त झालं म्हणून सांगणार होतो. नंबर काढला आणि ठेवून दिला.

बायको म्हणते, कोणी ऐनवेळी आलं नाही तर मधलीच तारीख मिळते, पण त्यासाठी सकाळी साडेसातला हॉस्पिटलच्या काउंटरवर स्वतः उभं राहावं लागतं, आणि रोज. उद्याचे सातचे आणि आठचे दोन्ही लर्नर रद्द केले. परवाचेही. दादाचं हॉस्पिटलचं जुनं कार्ड टपालाच्या ढिगात सापडलं, ते शर्टाच्या खिशात ठेवलंय. गजर सहाचा.